दोन सेन्सरचे कोड, दोष एकाच वायरचा

गाडी २०१२ ची, पेट्रोल. इंदूर बायपासवर कितीही पळवली तरी काही नाही. महेश्वरहून परतताना भेरूघाटाचा चढ लागला की एक झटका बसायचा आणि चेक इंजिनचा दिवा पेटायचा. पुढे काही फेऱ्यांनंतर आपोआप विझायचा.

स्कॅनरवर दोन कोड आले: पी०१०७ मॅप सेन्सरचा (इंजिनात शिरणाऱ्या हवेचा दाब मोजणारा), पी०१२२ थ्रॉटल पोझिशन सेन्सरचा (हवेची झडप किती उघडली ते सांगणारा). दोन्हींचा अर्थ सिग्नलचं व्होल्टेज फार खाली. कोड पुसण्याआधी फ्रीझ फ्रेम, म्हणजे कोड आला त्या क्षणाची नोंद, उतरवून घेतली, कारण पुसल्यावर तीही जाते. इंजिनवरचा लोड ८५ टक्के, कूलंट ९४ अंश.

अशा वेळी सहसा दोन्ही सेन्सर बदलायचा सल्ला मिळतो. मला तो मुळीच पटत नाही. दोन सेन्सर एकाच क्षणी सहसा बिघडत नाहीत. दोघांत सामाईक काय, ते आधी बघावं. इथे ईसीयूकडून (इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरकडून) येणारा ५ व्होल्टचा पुरवठा सामाईक होता. सेन्सरची सामाईक अर्थिंगची वायर तुटली असती तर सिग्नल वर चढून पी०१०८ आणि पी०१२३ आले असते.

मल्टीमीटर मिन-मॅक्सवर (सर्वात कमी-जास्त आकडा धरून ठेवणाऱ्या मोडवर) ठेवला आणि थ्रॉटलच्या कनेक्टरमध्ये ५ व्होल्टच्या वायरीला मागच्या बाजूने बारीक पिन सरकवली. पुढून प्रोब खुपसू नये. टर्मिनल सैल होतं आणि नवाच दोष तयार होतो. उभ्या गाडीत ५.०२ व्होल्ट, वायरिंग हलवूनही तेवढेच. म्हणून घाटासारखा लोड जागेवरच दिला: हँडब्रेक ओढून, पायाचा ब्रेक घट्ट दाबून, पहिला गिअर आणि रिव्हर्स आलटून-पालटून अर्ध्या क्लचवर क्षणभर. गाडीच्या पुढे-मागे कुणी उभं नको. पहिल्या गिअरमध्ये आकडा १.३ पर्यंत कोसळला. सेन्सर एकेक करून काढले तरी कोसळतच होता, म्हणजे सेन्सर निर्दोष.

इंजिनला धरणारं रबरी माउंटिंग दबून खचलेलं होतं. लोडवर इंजिन झुकलं की हार्नेस (वायरींचा जुडगा) ब्रॅकेटच्या धारेवर दाबला जाई. टेप सोलल्यावर ५ व्होल्टच्या वायरचं तांबं उघडं दिसलं. तेच ब्रॅकेटला टेकून अर्थिंग होत होतं. खराब भाग कापून ०.५ चौरस मिलिमीटरचा तुकडा सोल्डरचा डाग देऊन जोडला. हीट-श्रिंकची नळी डाग देण्याआधीच वायरीवर सरकवून ठेवावी, आणि ती आतून गोंद असलेलीच घ्यावी. साध्या नळीत पावसाळ्यात ओल शिरते. वर कोरुगेटेड पाइप, क्लिप धारेपासून दोन बोटं लांब. माउंटिंगही बदललं, नाहीतर हार्नेस पुन्हा तिथेच घासला असता.

मग तीच अर्ध्या क्लचची चाचणी परत घेतली. किमान आकडा ४.९८.