कात्रजचं पाणी, बाहुलीचा हौद आणि मामाचे गुडघे

शनिवारी आमच्या सोसायटीत टँकर आला नाही आणि ग्रुपवर सकाळपासून जी काही जुंपली होती ती मी मामाला वाचून दाखवत होते, तर हा माणूस हसायलाच लागला. म्हणे, "तुम्ही मोबाईलवर भांडता, आम्ही हौदावर भांडायचो. उद्या चल माझ्याबरोबर." मामा त्र्याहत्तर वर्षांचा, जन्म सदाशिव पेठेतला, त्यामुळे नाही म्हणायची सोय नव्हती. अख्खा रविवार मग पाण्यामागे फिरण्यात गेला.

सुरुवात कात्रजला. बसमधून उतरलो, तलावाच्या कडेला गेलो आणि खरं सांगायचं तर पाणी हिरवं आणि वास येणारं, फोटो काढावा असं काही नाही. पण हेच पाणी नानासाहेब पेशव्यांनी १७५० च्या सुमारास पुण्यात नेलं, तेही नुसत्या उतारावर, पंप नाही की मोटर नाही. तलावातून दगडी बांधणीची बंदिस्त नहर काढली, माणूस आत शिरून गाळ काढू शकेल एवढी, आणि ती थेट शनिवारवाड्यापर्यंत. वाटेत ठिकठिकाणी उच्छ्वास बांधले. उच्छ्वास म्हणजे दगडी मनोरेच, त्यात पाणी जरा वर चढतं, हवा बाहेर पडते, जोर कमी होतो आणि गाळ खाली बसतो. शब्द किती छान आहे ना, पाण्याने सोडलेला सुस्कारा!

सातारा रोडने येताना एका सोसायटीच्या भिंतीला चिकटून असा एक उच्छ्वास दिसला. त्यातून पिंपळ उगवलेला, शेजारी ॲक्टिवा लावलेली आणि दगडावर कुणीतरी क्लासची जाहिरात चिकटवलेली. वॉचमनला विचारलं हे काय आहे, तर म्हणाला "जुनं काहीतरी मंदिर असंल." मामा त्याला समजावायला लागला, मी ओढून नेला, नाहीतर आम्ही अजून तिथेच असतो.

पेठांत पोचलं की ही नहर दिसत नाही, फक्त नावं उरलीत. काळा हौद, बदामी हौद, तांबट हौद, फडके हौद. रिक्षावाल्याला "फडके हौद" म्हणलं की बरोबर सोडतो, पण हौद कुठाय विचारा की तो पण आपल्याकडे बघतो. मोठ्या वाड्यांत खापरी नळाने पाणी यायचं, बाकीच्यांनी हौदावर घागर घेऊन जायचं, नाहीतर पाणक्या ठेवायचा. सोवळ्याच्या घरात पाणक्या ब्राह्मणच लागायचा. आणि हौद सार्वजनिक म्हणायचे खरे, पण सगळ्यांचे नव्हते.

त्यामुळे बाहुलीच्या हौदाशी मी जास्त वेळ थांबले. बुधवार पेठेत, दगडूशेठच्या गर्दीतून बाहेर पडलं की जवळच. आपण ज्यांच्या नावाच्या घोले रोडवर ट्रॅफिकमध्ये अडकतो ते डॉ. विश्राम रामजी घोले, जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक मंडळींतले. त्यांची मुलगी काशीबाई, लाडाचं नाव बाहुली. वडिलांनी तिला शिकवायचं ठरवलं ते भाऊबंदांना खपलं नाही, आणि पोर लहानपणीच गेली. खाण्यातून काचा घालून तिला मारलं असं पुण्यात सांगतात. वडिलांनी तिच्या आठवणीत हा हौद बांधला, वर बाहुलीचा पुतळा, आणि पाणी सगळ्या जातींना खुलं. म्हणजे बघा, मुलगी गेल्यावर माणसाने काय केलं तर पाण्याची सोय केली. मामा एवढी वर्षं इथून येतोजातो पण हे त्यालाही माहीत नव्हतं, तो बराच वेळ काही बोललाच नाही. (मामा गप्प, ही बातमी आहे.)

तिथून गंज पेठेत फुले वाड्यात. इथला घरचा हौद जोतीरावांनी १८६८ साली अस्पृश्यांना खुला केला, स्वतःच्या दारात. पुढे १८७६ पासून काही वर्षं ते नगरपालिकेत सभासद होते, आणि मंडईच्या इमारतीवर एवढा खर्च करायला त्यांचा विरोध होता. ती मंडई १८८६ ला उघडली, तेव्हा नाव रे मार्केट. आता नाव काय, तर महात्मा फुले मंडई! पुणेरी विनोद यालाच म्हणत असावेत. वाड्यात मात्र छान शांत वाटलं, चपला काढून जरा टेकलो.

तिथेच मामाने पानशेतचं काढलं. १२ जुलै १९६१, तो तेव्हा नऊ वर्षांचा. पानशेत धरण फुटलं, त्याच्या लोंढ्याने खडकवासल्याचं धरणही गेलं, पूर ओसरला तेव्हा नळाला थेंब नाही. "शाळेला सुट्टी म्हणून आम्ही खूष, आणि आई म्हणाली घ्या कळश्या." इतकी वर्षं कुणी ढुंकून न बघितलेल्या हौदांवर रांगा लागल्या आणि लोकांनी पेशव्यांचं पाणी भरलं. मी विचारलं, तेव्हा कोण कुठल्या जातीचा असं कुणी विचारत होतं का? मामा म्हणाला, "मला कळत नव्हतं तेव्हा. पण आमच्या आजीने ते पाणी तीनदा गाळलं आणि मग देवाला वेगळं भरून आणायला सांगितलं, एवढं आठवतंय."

नाना हौद आणि तांबट हौद बघायचे राहिले कारण मामाचे गुडघे बोलायला लागले. बसस्टॉपवर अर्धा तास उभे होतो, तेवढ्यात ग्रुपवर मेसेज, टँकर आला, पण फक्त बी विंगला. आम्ही ए विंग.