काडीचा उपाय

"जरा बघ ना रे, याला काय झालंय," असं म्हणत कुणीतरी फोन पुढे करतं, तेव्हा त्या चेहऱ्यावर तापलेलं पोर कडेवर घेऊन दवाखान्यात आलेल्या माणसाचे भाव असतात. मला फोनचं वेड आहे हे नात्यागोत्यात सगळ्यांना ठाऊक झालंय. त्यामुळे मी कुठेही टेकलो की माझी ओपीडी सुरू होते. फी नाही, नंबर लावायची गरज नाही, आणि रोग बहुतेक वेळा एकच: चार्जिंग होत नाही. वायर अमुक कोनात धरली की होतं, हात लागला की बंद.

मालकाने निदान आधीच केलेलं असतं. पिन गेली, बॅटरी गेली, आतला बोर्डच गेला. मी काही न बोलता फोन बंद करतो, दुसऱ्या फोनचा टॉर्च चार्जिंगच्या भोकात मारतो आणि एक लाकडी दातकोरणं मागतो. कडेकडेने हलक्या हाताने कोरलं की आतून करड्या रंगाचा पुंजका बाहेर येतो. खिशाच्या तळाशी साचलेला धाग्यांचा भुगा असतो तो. वायर लावताना दरवेळी आपणच तो आत ठासत जातो आणि शेवटी वायरलाच आत शिरायला जागा उरत नाही. दातकोरणं लाकडीच हवं. टाइप-सीच्या भोकात मधोमध एक पातळ जीभ असते, तिच्यावर सगळे संपर्कबिंदू बसवलेले असतात. तिथे टाचणी घातली तर नसलेला रोग जडायचा. जिभेला धक्का न लावता कडांनी फिरायचं, एवढंच कौशल्य.

एका मित्राचा फोन मी असा पाच मिनिटांत बरा केला. पुंजका कागदावर काढून त्याच्यासमोर ठेवला. शाबासकीची वाट बघत होतो, तर गड्याचा चेहरा पडलेला. आठवडाभर नवे फोन बघून, रंगसुद्धा ठरवून, 'जुना गेलाच आहे' हे घरच्यांच्या गळी उतरवून तो माझ्याकडे फक्त मृत्यूचा दाखला घ्यायला आला होता. मी पेशंट खडखडीत बरा करून हातात दिला.

तेव्हापासून माझ्या लक्षात आलंय की फोनच्या बाबतीत माणसाला साधं कारण रुचत नाही. एक तर मोठा आजार हवा, नाहीतर रोज करता येईल असं एखादं व्रत. सगळ्यात कडक व्रत म्हणजे उघडी ॲप्स एकेक करून वर ढकलून बंद करणं. माझी आत्या झोपण्यापूर्वी हे इतक्या निष्ठेने करते की बघणाऱ्याला वाटावं, दारं-खिडक्या लावतेय. २०१६ साली एकाने ॲपलला पत्र लिहून विचारलं होतं, की तुम्ही स्वतः ॲप्स वरचेवर बंद करता का, आणि बॅटरीसाठी ते गरजेचं आहे का? सॉफ्टवेअर विभागाचे प्रमुख क्रेग फेडेरिघी यांचं उत्तर थोडक्यात असं, की नाही आणि नाही. अँड्रॉइडवाल्यांनीही पाठोपाठ तेच सांगितलं. मागे गेलेलं ॲप बहुतेक वेळा नुसतं गोठून पडलेलं असतं. रॅम, म्हणजे उघडी ॲप्स जिथे ठेवलेली असतात ती फोनची तात्पुरती मेमरी, भरलेली असो की रिकामी, तिला वीज लागायची तेवढी लागतेच. ॲप मारून पुन्हा उघडलं, तर ते पहिल्यापासून उभं करायला उलट जास्त काम पडतं. एखादं ॲप अडकून बसलं असेल तर जरूर बंद करा. आत्याला मी हे सगळं समजावलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि ऐकता ऐकता चार ॲप्स वर ढकलली.

दुसरं व्रत म्हणजे बॅटरी पार शून्यावर आणायची आणि मगच चार्जिंगला लावायची. याला एके काळी अर्थ होता. जुन्या निकेल-कॅडमियम बॅटऱ्यांना अर्धवट चार्जिंगची खोड लागायची. पण सोनीने १९९१ साली लिथियम-आयन बॅटरी बाजारात आणली, आपल्या फोनमध्ये तीच जात आहे, आणि तिला शून्याचा उपास मुळीच मानवत नाही. तिला मधल्या पट्ट्यात, साधारण २० ते ८० टक्क्यांत, बरं वाटतं. तिचा खरा शत्रू उष्णता. उशीखाली चार्जिंगला ठेवलेला फोन किंवा गाडीत काचेजवळ उन्हात पडलेला फोन दिसला की माझाच जीव गुदमरतो. या बॅटरीचा पाया घालणाऱ्या तिघांना २०१९ साली रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यांतले जॉन गुडइनफ तेव्हा ९७ वर्षांचे होते. बॅटरीला मात्र तेवढं आयुष्य नाही.

म्हणून मीही मध्यंतरी ८० टक्क्यांची मर्यादा लावून घेतली होती. महिनाभर मोठ्या शिस्तीत काढला. मग हळूहळू लक्षात आलं, की दोन वर्षांनंतरची बॅटरी चांगली राहावी म्हणून आजची संध्याकाळ मी चार्जर शोधत हिंडतोय. बाहेर जायच्या दिवशी आता शंभर टक्के करतो आणि अपराधी वाटून घेत नाही.

भिजलेला फोन तांदळात खुपसणं हे तिसरं. तांदूळ आतलं पाणी ओढत नाही, उलट त्याचे बारीक कण भोकात शिरतात. २०२४ साली ॲपलनेही स्पष्ट लिहिलं की असं करू नका. भोक खाली करून हलकेच झटकायचं, वारा लागेल असा ठेवायचा आणि वाट बघायची. वाट बघणं हाच यातला अवघड भाग, तांदळाचा डबा निदान हातांना काम देतो.

काचेचंही तसंच. लोक किल्ल्या आणि नाण्यांना घाबरतात, पण त्यांचा धातू बहुधा काचेपेक्षा मऊ असतो. ओरखडा उठतो तो वाळूच्या कणाने. तेव्हा समुद्रावरून आल्यावर फोनआधी खिसा झटका. आणि फोटो धुरकट येत असतील तर नव्या कॅमेऱ्याची चौकशी करण्याआधी जुन्याची काच पुसा. यापुढे या विषयावर बोलण्यासारखं काही नाही.

या सगळ्यात मला मनापासून आवडणारी गोष्ट मात्र दुरुस्तीतली नाही. मजकूर लिहिताना मागची एखादी वेलांटी चुकलेली दिसते आणि बोट नेमकं तिथे टेकता टेकत नाही. कधी आधीच्या शब्दात जातं, कधी अख्खा शब्दच निळा होतो. अशा वेळी कीबोर्डवरची स्पेसची पट्टी धरायची. आयफोनवर ती दाबून ठेवून बोट सरकवायचं, बऱ्याच अँड्रॉइड कीबोर्डवर नुसतं तिच्यावरून बोट फिरवलं तरी चालतं. कर्सर मुंगीसारखा अक्षराअक्षराने सरकत जातो. २००७ च्या पहिल्या आयफोनला साधं कॉपी-पेस्टही येत नव्हतं, ते २००९ साली आलं, हे आठवलं की ही सरकणारी रेघ म्हणजे चैनच वाटते. ही युक्ती मी दाखवतो तेव्हा माणसं "अगं बाई" किंवा "अरेच्चा" म्हणतात आणि पुढची दोन मिनिटं कारण नसताना कर्सर इकडून तिकडे पळवत बसतात. सगळ्या ओपीडीची फी मला तिथेच वसूल होते. हिच्यासाठी आत्याने मला पहिल्यांदा 'हुशार आहेस' म्हटलं.

माझा स्वतःचा फोन आता चौथ्या वर्षात आहे. तसा ठणठणीत. पण गेल्या आठवड्यात ज्याच्याकडे डोळे लावून बसलो होतो ते नवं मॉडेल आलं. त्याच्या कॅमेऱ्याचे नमुने मी रात्री दोनपर्यंत मोठे करकरून बघितले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी लक्षात आलं की माझी चार्जिंगची वायर ढिली बसतेय. जरा हात लागला की सुटते. बहुधा पिन गेली असावी. आतला बोर्डही असू शकतो. दातकोरण्याची डबी टेबलावर समोरच आहे, पण टॉर्च काही मी अजून मारलेला नाही.