खोड नसलेला वड

कोलकात्याहून विद्यासागर सेतू ओलांडून बस हावड्यात शिरली आणि कंडक्टर ‘बी गार्डन, बी गार्डन’ असं ओरडायला लागला. शिबपूरचं हे वनस्पती उद्यान १७८७ सालचं, हुगळीच्या काठावरचं. नाव आता जगदीशचंद्र बोसांचं, पण बसवाल्यांना ‘बी गार्डन’ पुरतं.

मला बघायचा होता तिथला प्रसिद्ध वड. फाटकापासून त्याच्यापर्यंत बरीच तंगडतोड आहे. बरं, पोचल्यावर वड दिसतच नाही, दिसते ती राई! साडेतीन हजारांच्या वर पारंब्या जमिनीत उतरून खोडासारख्या उभ्या आहेत. यातलं मूळ खोड कुठलं, म्हणून मी कुंपणाबाहेरून माना वाकवून पाहत होतो. शेवटी तिथल्या माळ्याला विचारलं, ‘दादा, असली झाड कुठलं?’ तो हसला. ‘ते कधीच गेलं.’

१८६४ आणि १८६७ च्या चक्रीवादळांत मोठ्या फांद्या मोडल्या, जखमांतून बुरशी आत गेली. १५ मीटरहून जास्त घेराचं ते खोड कुजत गेलं आणि बाकीचं झाड वाचावं म्हणून १९२५ मध्ये काढून टाकलं. म्हणजे शंभर वर्षं हा वड निव्वळ पारंब्यांवर उभा आहे. २०२० च्या अम्फान चक्रीवादळानंही त्याला चांगलंच झोडपलं, तरी उभा आहे.

माळ्यानं एक गंमत दाखवली. कोवळ्या पारंबीला पोकळ बांबू घातलेला, म्हणजे ती वाऱ्यानं न भरकटता सरळ मातीत उतरते. शेजारची एक अजून अधांतरीच होती. टोकाला झाडूसारखे तंतू, फिकट पिवळे. हात लावायचा मोह आवरला, कारण दादा बघत होते.

वडाभोवती ३३० मीटरचा रस्ता बांधला होता. वडानं तो कधीच ओलांडलाय आणि पलीकडेही पाय रोवलेत. माझ्या मते बघण्यासारखी खरी जागा तीच. आतला पसारा फोटोत मावत नाही, हे मात्र दिसतं.

आईला फोन केला. सगळं ऐकून ती म्हणाली, ‘अरे, मग वटपौर्णिमेला सूत गुंडाळायचं कशाभोवती?’

‘रस्त्यावरून फेऱ्या मारायच्या.’

‘सात?’

हिशेब केला. सव्वादोन किलोमीटरच्या वर.

‘मग आमच्या पारावरचाच बरा,’ म्हणाली आणि फोन ठेवला.