एक ठिपका की तीन?

फुलपाखरू ओळखायचं तर आधी त्याचा रंग विसरावा, अशा मताला मी आलोय. पहिली नजर रंगावरच जाते आणि तिथेच फसगत होते, कारण निदान काही फुलपाखरांनी तो रंग फसवण्यासाठीच घेतलेला असतो. फसवायचं असतं पक्ष्यांना. आपण त्यात आपसूक सापडतो.

पुण्यात वेताळ टेकडीवर रुईच्या झुडपांभोवती प्लेन टायगर हमखास दिसतं. नारिंगी पंख, काळी किनार, पुढच्या पंखाच्या काळ्या टोकावर पांढरा पट्टा. उडणं असं निवांत, की कुणाच्या बापाला भीत नाही. भ्यायचं कारणही नाही. अळी असताना रुईची पानं खाऊन त्यातलं विष अंगात मुरवलेलं असतं. एखाद्या नवख्या पक्ष्याने चोच मारलीच तर त्याला ओकारी येते, आणि पुढे तो नारिंगी-काळ्याच्या वाटेला जात नाही.

या दराऱ्यावर डॅनेड एगफ्लायची मादी फुकटात जगते. तिची अळी घोळ खाते, आपण डाळ घालून भाजी करतो तीच घोळ. तेव्हा विष वगैरे काही नाही. पण पंख हुबेहूब प्लेन टायगरचे आणि उडण्याची ऐटही तीच. फरक शोधायचा तो मागच्या पंखावर. प्लेन टायगरच्या मागच्या पंखाच्या मध्याजवळ काळे ठिपके असतात, मादीला तीन, नराला चार. नराचा तो जादा ठिपका म्हणजे माद्यांना भुलवणाऱ्या गंधाची पिशवी. एगफ्लायच्या मादीचा मध्यभाग कोरा. तिचा एकच काळा ठिपका आणि तोही पंखाच्या पुढच्या कडेला. तिचा नवरा तर काळाकुळकुळीत, पंखांवर जांभळी झाक असलेले मोठे पांढरे ठिपके. दोघांचा जोडीने फोटो दाखवला तर हे एका जातीचे आहेत यावर नवख्या माणसाचा विश्वास बसत नाही.

हेन्री बेट्स हा इंग्रज अकरा वर्षं ॲमेझॉनच्या जंगलात फुलपाखरं गोळा करत हिंडला आणि १८६२ मध्ये त्याने ही नक्कल पहिल्यांदा नीट उलगडून सांगितली. बेचव जातीचं रूप चवदार जातीने घ्यायचं. मला यातली मजा वाटते ती नकलेच्या अपुरेपणाची. नाटकातला राजवाडा जसा प्रेक्षकांच्या बाजूनेच रंगवलेला असतो, तसे हे पंख. पक्ष्याला झेप घेण्याआधी क्षणभर वेळ, तेवढ्यात तो काय ठिपके मोजणार? मग नक्कल तरी तिथवर कशाला जाईल? जिथे पक्ष्याची नजर पोचत नाही, नेमकं तिथे आपण भिंग घेऊन बसायचं.

कॉमन मॉरमॉनच्या मादीला हे फार छान लागू पडतं. हिच्या अळ्या लिंबावर, कढीपत्त्यावर वाढतात, त्यामुळे ती बाल्कनीपर्यंत येते. (कुंडीतला कढीपत्ता कुरतडलेला दिसला तर औषध मारण्याआधी दोन आठवडे दम धरावा, एवढी विनंती.) मादीचे आपल्याकडे तीन अवतार. एक नरासारखा, काळ्यावर पांढऱ्या ठिपक्यांची रांग असलेला. दुसरा कॉमन रोझसारखा, तिसरा क्रिमझन रोझसारखा. या दोन्ही रोझच्या अळ्या ईश्वरीच्या वेलीवर पोसलेल्या, म्हणून विषारी. पंखांवरचा लाल-पांढरा मजकूर मॉरमॉनने बऱ्यापैकी उतरवलाय, पण अंग रंगवायचं राहून गेलं. रोझचं अंग लाल, मॉरमॉनचं काळं. तेवढं पाहिलं की निकाल लागतो. आणि फोटो काढणारे नेमके पंखांवर फोकस करून अंग धूसर ठेवतात!

हे सगळे अवतार डबलसेक्स नावाच्या एकाच जनुकाच्या हातात आहेत, असं कृष्णमेघ कुंटे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये दाखवून दिलं. एरवी कीटकांत नर-मादीचा भेद ठरवणारं हे जनुक, इथे ते मादीचा पोशाखही ठरवतं. दक्षिण सह्याद्रीतल्या पेंटेड सॉटूथची कथाही नकलेचीच. तो बांडगुळावर वाढणाऱ्या कॉमन जेझेबेलचं रूप घेतो, फक्त मागच्या पंखाच्या कडेचे लाल ठिपके त्याला चौकोनी निघतात, जेझेबेलचे मात्र टोकदार.

इथवर गंमत आहे, कारण कुणी कुणाला फसवतंय. खरा वैताग ग्रास यलो. पावसाळ्यानंतर टाकळ्यावर भिरभिरणारी ही छोटी पिवळी फुलपाखरं कुणाची नक्कल वगैरे करत नाहीत, एकाच घराण्यातली म्हणून सारखी दिसतात. कॉमन ग्रास यलोच्या पुढच्या पंखाच्या खालच्या बाजूला, मुळाजवळच्या खणात दोन बारीक खुणा, थ्री-स्पॉटला तीन. शिवाय कोरड्या आणि ओल्या ऋतूंत एकाच जातीचा पेहराव बदलतो. मला विचाराल तर अळ्या पाहणं सोपं. थ्री-स्पॉटच्या अळ्या घोळक्याने राहतात, कॉमनची एकेकटी. मोठेपणी ही मंडळी बसतात तेव्हा पंख मिटूनच बसतात, म्हणजे हव्या त्या खुणा समोर येतात. पण बसायला हवं ना! माझ्या वहीत त्यांच्या बऱ्याच नोंदी ‘पिवळं, बसलं नाही’ अशाच आहेत.