तुम्ही विचारलंत म्हणून : इंजिन गेलं, तरी कूलर परत काहून?

नागपुरात ‘गाडीला कूलर बसवला’ म्हटलं की निम्म्या लोकांच्या डोळ्यांपुढे वाळ्याच्या ताट्या येतात. त्यांच्याशी माझं भांडण नाही. भांडण उरलेल्या निम्म्यांशी आहे. त्यांना ऑइल कूलर, म्हणजे इंजिनाचं तेल हवेने गार करणारी जाळी, कळतो, माझी १९६७ ची एमजीबी ही ब्रिटिश स्पोर्ट्स कार ओळखीची आहे, तिचं इंजिन कोंढाळीच्या अलीकडे गेलं हेही ठाऊक आहे. लग्न असो की तेरावं, ते मला कोपऱ्यात गाठतात. "कूलरनंच इंजिन खाल्लं ना? मग परत तोच काहून लावला?"

कूलरनं इंजिन खाल्लं नाही. हे आता लिहूनच टाकतो.

मुळात लावला कशासाठी, इथे मात्र मी अडचणीत आहे. मे महिन्यात व्हरायटी चौकाच्या सिग्नलवर ऑइल प्रेशरचा काटा पंधरा पौंडांवर यायचा आणि माझा जीव खालीवर व्हायचा. तेल पाण्यासारखं होतंय, बेअरिंगं जाणार, असं ज्याला त्याला सांगत सुटलो होतो. मिस्त्री म्हणाले, "काहून डोक्याले ताप घेता? हे अँबेसेडरचंच खानदान हाय. इतक्या वर्षांत नागपुरातल्या कोण्या अँबेसेडरले पाह्यला का तुमी कूलर?" खानदानाचं खरं आहे. अँबेसेडरचं १४८९ सीसीचं आणि हे १७९८ सीसीचं, दोन्ही बी-सिरीजचीच इंजिनं. मी म्हणालो, अँबेसेडरला तासभर साडेतीन हजार आरपीएमवर कोण पळवतं? उत्तर वाईट नव्हतं. पण गरम इंजिनाचं आयडलिंगचं, म्हणजे गाडी उभी असताना इंजिन नुसतं चालू असतानाचं, प्रेशर दहा ते पंचवीस पौंड असावं, हे वर्कशॉप मॅन्युअलमधलं पान मी इंजिन उघडल्यावर वाचलं. म्हणजे माझे पंधरा पौंड ठणठणीत होते. आणि तेलाचं तापमान मी कधी मोजलंच नव्हतं. डॅशबोर्डवरच्या जोडमीटरमध्ये प्रेशर तेलाचं दिसतं, तापमान पाण्याचं.

बसवणं तसं सोपं. इंजिनाच्या मुख्य ठोकळ्याच्या, म्हणजे ब्लॉकच्या, मागच्या बाजूने तेल बाहेर पडून एका नळीतून फिल्टरला जातं. ती नळी काढायची. ब्लॉकपासून कूलरपर्यंत एक होज, म्हणजे रबरी नळी, कूलरपासून फिल्टरपर्यंत दुसरा. कूलर रेडिएटरच्या पुढे, मी तेरा ओळींचा घेतला. रेडिएटर ज्या पत्र्याला टेकतो त्यातूनच होज आरपार जातात, म्हणून पत्र्याला दोन भोकं, आणि काठाने होज कापू नये म्हणून भोकांना रबरी कडं, ग्रोमेट.

दसऱ्याच्या आदल्या संध्याकाळची गोष्ट. भोकं किंचित मोठी पडली होती. ग्रोमेट बोटाने दाबला की पलीकडून टपकन बाहेर यायचा. मिस्त्रींकडच्या पोराने सायकलच्या ट्यूबचा तुकडा उभा चिरला, होजभोवती गुंडाळला, वरून तार पिळली आणि माझ्याकडे पाहिलं. मिस्त्री तेव्हा चहाला गेले होते. दुसऱ्या दिवशी पूजा होती, हार आणून ठेवला होता. मी म्हणालो, "चालेल."

चाललं. फेब्रुवारीच्या शेवटापर्यंत चाललं.

त्या दिवशी भाच्याला घेऊन अमरावती रोडने निघालो होतो. मृग बहाराची संत्री आणायची, एवढंच निमित्त. बाजारगाव मागे पडलं आणि भाचा म्हणाला, "मामा, हा काटा हलतोय." मी म्हणालो, जुनं मीटर आहे, हलायचंच. थोड्या वेळाने तो म्हणाला, "मामा, काटा पडला." मी पाहिलंसुद्धा नाही, ट्रक ओलांडत होतो. नेमक्या कोणत्या सेकंदाला किती उशीर केला हे मी इतक्या वेळा मोजलंय की त्यावर आता माझाच विश्वास नाही. मागून एक मोटरसायकलवाला हॉर्न दाबत बाजूला आला. कुठल्या तरी कार्यक्रमाला निघाला असावा. पांढरा शर्ट, छातीपासून पोटापर्यंत तेलाचे बारीक काळे ठिपके. ओरडला, "ओ काका! गाडी हाय का तेलघाणी?" तेव्हा काट्याकडे पाहिलं. शून्य. आणि खालून तो आवाज आला, पितळी तांब्यावर कोणी बोटाच्या पेराने टकटक करावं तसा, गाडीच्या वेगाबरोबर वाढणारा.

चावी फिरवली, गाडी कडेला घेतली. मागे डांबरावर ओली पट्टी लांबवर गेलेली. एमजीबीत कूलरचं धरून साडेचार लिटरच्या वर तेल मावतं. डिपस्टिक मात्र कोरडी निघाली. बॉनेट उघडून होजवरून हात फिरवला. पत्र्याच्या काठाने आधी ट्यूब कापली होती, मग होजचं रबर, मग आतली वीण. भेग जेमतेम नखाएवढी. भाचा काही बोलला नाही. त्याने त्या शर्टवाल्याला आपली पाण्याची बाटली दिली.

पिकअपला दोर बांधून घरी आलो. पिस्टनचा दांडा क्रँकला जिथे धरतो तिथलं दुसरं बिगएंड बेअरिंग आतलं तांबं दिसेपर्यंत घासलेलं, क्रँकवर नखाला लागतील अशा रेघा. क्रँक दहा थाऊ, म्हणजे इंचाचे दहा हजारांश, ग्राइंड करून घेतली. खर्चाचा आकडा घरात अजून कोणाला माहीत नाही.

तर दोष कोणाचा? त्या पोराचा म्हणाल तर मी भांडेन. पण कूलर नसता तर होज नसते, होज नसते तर कापले काय असते, हे मिस्त्रींचं म्हणणं मला आजही खोडता येत नाही.

मग परत काहून? पुढच्या मेमध्ये कूलरशिवायच गाडी काढली. या वेळी इंजिनाच्या तळाशी तेल साठतं त्या भांड्याच्या बोल्टमध्ये तापमानाचा सेन्सर बसवला होता. नवतप्यात, वर्धा रोडवर, ताशी नव्वदने अर्धा तास गेलो. तेल १२६ अंश. कूलर लावून पुन्हा तसंच गेलो, १११. दोन्ही वेळा तेल एकाच ग्रेडचं, वीस-पन्नास (20W-50). आता तुम्ही म्हणाल, पहिल्या खेपेला इंजिन नवं आवळलेलं होतं, जास्तच तापणार. मान्य. मीही स्वतःला हेच म्हणतो. बाहेर ४५ अंश असताना ११५ च्या तेलाला हवेशी सत्तर अंशांचा फरक मिळतो. थंड मुलखात २० अंशांना तो पंच्याण्णवचा असतो. म्हणजे जिथे गरज जास्त तिथेच हा कूलर कमी काम करतो, वर आपली गरम हवा रेडिएटरवर सोडतो.

आणि हिवाळ्यात उलटं. जानेवारीत सकाळी तेल साठच्या वर जाईना, इंजिनाच्या माथ्यावर, तेल ओतायच्या झाकणाखाली दह्यासारखा पांढरा थर. तेल तापलंच नाही तर त्यातलं पाणी उडणार कसं? म्हणून थर्मोस्टॅट लावला, तेल तापेपर्यंत त्याला कूलरकडे न जाऊ देणारा. त्याने चार जोडांचे आठ जोड झाले. मिस्त्रींनी ते मोजले, माझ्याकडे पाहिलं आणि काही न बोलता पाना पुसत बसले.

आता भोकांना नीट मापाचे ग्रोमेट आहेत. दर रविवारी बॉनेट उघडून काठावरून बोट फिरवतो. कूलर ठेवावा की काढावा, हे डिसेंबरात वेगळं वाटतं आणि मेमध्ये वेगळं. भाचा पुण्याला असतो, सुटीत येतो. गाडीत बसला की बेल्टच्या आधी काट्याकडे बघतो. ट्यूबच्या तुकड्याला ‘चालेल’ मी म्हणालो होतो, हे त्याला मी अजून सांगितलेलं नाही.