पोट धुण्यातच अर्धा प्रयोग: टिम-४ आणि इम्युनोथेरपी

पोटाच्या पोकळीत पसरलेल्या कॅन्सरवर पीडी-१ (टी-पेशींचा 'ब्रेक' असलेलं प्रथिन) रोखणारी इम्युनोथेरपीची, म्हणजे प्रतिकारशक्तीला कामाला लावणारी, औषधं एकटी फारशी चालत नाहीत. त्याचं एक कारण २०२१ मध्ये 'कॅन्सर सेल' या नियतकालिकात मांडलं गेलं. पोकळीत कायम वस्तीला असलेल्या मॅक्रोफेज (मृत पेशी, जंतू गिळणाऱ्या) पेशींवर टिम-४ नावाचं प्रथिन असतं. ते कॅन्सरच्या पेशी मारणाऱ्या सक्रिय सीडी८ टी-पेशींवरच्या फॉस्फॅटिडिलसेरीन या स्निग्ध पदार्थाला धरून ठेवतं आणि त्या पेशींची वाढ खुंटते. उंदरांत टिम-४ अडवल्यावर अँटी-पीडी-१ (पीडी-१ रोखणारी अँटीबॉडी) जास्त चाललं. इथिक्स कमिटीची मंजुरी घेऊन आम्ही हाच प्रयोग लॅबमध्ये बसवला.

उंदीर बाल्ब-सी जातीचे, कॅन्सरच्या पेशी सीटी२६ (उंदराच्या मोठ्या आतड्याच्या कॅन्सरच्या). पेशी वाढवलेल्या द्रावातलं सीरम धुऊन काढायचं, ४० मायक्रॉनच्या जाळीतून गाळायचं आणि २ लाख पेशी २०० मायक्रोलिटर पीबीएसमध्ये (मिठाच्या बफर द्रावणात) पोटाच्या पोकळीत टोचायच्या. गाळणं टाळलं तर गुठळ्या जातात आणि एकाच गटातल्या उंदरांत गाठी कमीजास्त होतात. पेशी तळाशी बसतात, म्हणून सिरिंज भरताना दर वेळी ट्यूब हलवायची. उंदराचं डोकं खाली झुकवून सुई त्याच्या उजव्या बाजूला, पोटाच्या खालच्या भागात घालायची. डावीकडे सीकम (मोठ्या आतड्याची सुरुवातीची पिशवी) असतं. गाठ बाहेरून दिसावी म्हणून लूसिफरेज (प्रकाश निर्माण करणारं प्रथिन) असलेल्या पेशींचा मोह होतो, पण ते प्रथिन उंदराला परकंच. इम्युनोथेरपीच्या प्रयोगात त्याची ढवळाढवळ नको.

अँटी-पीडी-१ आणि अँटी-टिम-४, प्रत्येकी २०० मायक्रोग्रॅम, दर तीन दिवसांनी पोटातच. कंट्रोल गटाला आयसोटाइप अँटीबॉडी (त्याच प्रकारची, पण कशालाच न चिकटणारी) तेवढीच आणि त्याच वेळी, कारण नुसत्या टोचण्यानेही पोकळी चिडते.

खरी परीक्षा पोकळीतल्या पेशी मोजायला पोट धुताना. उंदीर मारल्यावर कातडी सोलायची, पण आतला स्नायूंचा पडदा शाबूत हवा. ३ मिलिमोलर ईडीटीए (पेशी एकमेकींना चिकटू नयेत म्हणून वापरायचं रसायन) घातलेलं ५ मिली गार पीबीएस आत सोडायचं, हलकं चोळायचं, मग हळूहळू ओढायचं. जोर लावला की चरबी सुईत अडकते. ४ मिलीपेक्षा कमी आलं किंवा पाणी लाल दिसलं, तर ते सॅम्पल मोजणीतून बाद. रक्तातले मोनोसाइट (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) त्यात मिसळलेले असतात.

फ्लो सायटोमेट्रीत (रंगीत अँटीबॉडी चिकटवून एकेक पेशी ओळखण्याच्या पद्धतीत) टिम-४ गायब दिसलं की सगळे खूश होतात. घाई नको. उपचाराची अँटीबॉडी जागा अडवून बसली असेल तर रंगाची अँटीबॉडी चिकटतच नाही, पेशी मात्र तिथेच असते. म्हणून एफ४/८०, सीडी१०२ आणि जीएटीए६ ही या मॅक्रोफेजची इतर ओळखचिन्हं सोबत घ्यायची, आणि त्याआधी एफसी ब्लॉक (अँटीबॉडी भलतीकडे चिकटू नये म्हणून). दुसरी फसवणूक याहून चिवट आहे: दाह झाला की हे मोठे मॅक्रोफेज गुठळ्या करून पोकळीच्या अस्तराला आणि ओमेंटमला (पोटातल्या चरबीच्या पडद्याला) चिकटतात, धुवणाच्या पाण्यात येतच नाहीत. पाण्यातली संख्या घटली म्हणजे त्या पेशी मेल्या, असं धरू नये. ओमेंटम वेगळा काढून, वजन करून, कोलॅजिनेज या एन्झाइमने विरघळवून त्यातल्या पेशीही मोजायच्या. आकडा शेकडेवारीत नको, दर उंदरामागे किती पेशी असा लिहावा.