तेरावा रिचार्ज

फोन महागले, डेटा महागला, हे गाऱ्हाणं खोटं नाही. फक्त ते मोठ्या आकड्याशीच थांबतं, आणि खिसा कापला जातो तो बारीक आकड्यांत.

रिचार्जचा महिना घ्या. 28 दिवसांच्या प्लॅनला बाराही महिने फेब्रुवारी, तोही लीप वर्षाचा नव्हे. बारा रिचार्जचे दिवस होतात 336. उरलेल्या 29 दिवसांसाठी तेरावा मारायचा, तर तो मारूनही भरतात 364. वर्षाचा शेवटचा दिवस उघडाच. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हाच असावा. दोन प्लॅन ताडून बघायचे तर किमतीला दिवसांनी भागावं आणि 365 ने गुणावं. 'स्वस्त' प्लॅनचं पितळ बरेचदा इथेच उघडं पडतं. गंमत म्हणजे अँड्रॉइड फोनमधली डेटाची मोजणी महिन्याच्या ठरावीक तारखेला सुरू होते आणि प्लॅन दर खेपेला दोन-तीन दिवस मागे सरकतो. मग फोनचा आणि कंपनीचा हिशोब जुळत नाही, आणि भांडायला गेलं की आपणच चुकीचे ठरतो.

रोज दीड जीबीचं प्रकरण याहून पक्कं. सहा दिवस कामाच्या गडबडीत 900 एमबी पुरतात. दर रात्री 600 एमबी मुकाट्याने बुडतात. आठवड्याचे झाले 3.6 जीबी. सातव्या दिवशी निवांतपणी अडीच जीबी लागतात, तेव्हा वरच्या एका जीबीसाठी वेगळं टॉप-अप घ्यावं लागतं. म्हणजे आपलेच बुडालेले जीबी आपण परत विकत घेतो! ज्याचा वापर असा लहरी आहे, त्याने रोजच्या कोट्याऐवजी एकगठ्ठा डेटाचा प्लॅन बघावा.

'डेटा गेला कुठे?' याचं उत्तर बहुतेक वेळा व्हिडिओ हेच असतं. 1080 पी, म्हणजे फुल एचडी चित्राला सेकंदाला 5 मेगाबिट धरले (आठ मेगाबिट म्हणजे एक एमबी), तर दीड जीबी 40 मिनिटांत संपतो. तेच चित्र 480 पी वर 1 मेगाबिटच्या आसपास चालतं आणि तितकाच डेटा तीन तासांहून जास्त पुरतो. तळहाताएवढ्या पडद्यावर हा फरक किती जणांना दिसतो, देव जाणे. व्हिडिओ आपोआप सुरू होणं बंद करा, फोटोंचा बॅकअप फक्त वायफायवर ठेवा, मेसेजमधल्या फाइली आपोआप उतरू देऊ नका. इतक्याने बरीच गळती थांबते.

खुद्द फोनच्या किमतीतही असे कोपरे आहेत. खोक्यावरचे साठवणीचे 128 जीबी हजाराच्या पटीत मोजलेले असतात; 1024 च्या पटीत मोजले तर 119 च भरतात. त्यातून पंधरा-वीस जीबी सिस्टीमच खाते. मेमरी कार्डाची खाच नसेल, तर जास्त जीबीचा फोन घ्यावा लागतो. चार्जर 2020 च्या आयफोन 12 पासून खोक्यातून गेला आणि बाकीच्यांपैकी काहींनी आधी हसून मग तोच कित्ता गिरवला. बिनव्याजी हप्ता म्हणाल, तर दुकानदाराला रोखीचा भाव विचारा. रोखीवर मिळणारी सूट हप्त्यावर मिळत नसेल, तर तेच व्याज. वर प्रोसेसिंग फी निराळी. आणि बॅटरी दमली म्हणून फोन मोडीत काढण्याआधी नव्या बॅटरीचा भाव काढावा. सुरक्षेची अपडेट येत असतील, तर त्याच फोनची आणखी दोन वर्षं सहज निघतात.

आता 'अनलिमिटेड'. रोजचा कोटा संपला तरी नेट बंद होत नाही, हे शब्दशः खरं. वेग मात्र अनेक प्लॅनमध्ये 64 केबीपीएसवर येतो. ते किलोबिट असतात, म्हणून आठाने भागायचं: सेकंदाला 8 केबी. कुणी 3 एमबीचं गुलाबाचं फूल पाठवलं, तर ते उतरायला सव्वासहा मिनिटं. तोवर धूसर पाकळ्या आणि मधोमध फिरणारं चाक.